बाबांची बायपास, आत्याचा सव्वा लाख जप आणि भावाचा रिसर्च पेपर. प्रार्थनेने खरंच काही होतं का?

निम्मी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. बाबांची बायपास पुढच्या आठवड्यात आहे. वय ७१, शुगर आहे, तीन ब्लॉकेज, डॉक्टर म्हणतायत घाबरू नका पण पुढेही ढकलू नका. तर ऑपरेशनचं ठरलंय, त्यावर वाद नाही. वाद आहे आत्याचा.

आत्याने महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप ठरवलाय, नाशिकहून गुरुजी येणारेत, दशांश हवनासकट सगळं, पैसे तीच देतेय त्यामुळे त्यावर मी तोंड उघडत नाही. शिवाय फॅमिली ग्रुपवर प्रत्येकाला वेळ वाटून दिलीये, सकाळी सहाला पुण्याची मावशी, सातला कोल्हापूरचे काका, न्यू जर्सीतल्या चुलतभावाला सुद्धा सोडलं नाही, तुझी रात्र म्हणजे आमची सकाळ म्हणून त्याला बसवलाय. इथपर्यंत ठीक. पण तिचं म्हणणं की दादाला (म्हणजे बाबांना) हे सांगायचंच, आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याच्या हातून संकल्प सोडायचा, त्याला कळू दे की एवढी माणसं त्याच्यासाठी बसलीयेत, त्यानेच माणूस उठतो.

आणि बंगलोरचा माझा भाऊ म्हणतो अजिबात सांगू नका, त्याने एक इंग्लिश पेपर पाठवलाय, त्यात म्हणे ज्यांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीये त्यांचेच हाल जास्त झाले. आत्या म्हणते अमेरिकेच्या लोकांना काय कळतं जपातलं.

बाबा आयुष्यभर कामगार युनियनमध्ये, देवापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत, गणपतीत आरतीला मागे उभं राहून टाळ्या वाजवतात आणि मोदकाला पुढे. मी स्वतः मधली, रामरक्षा पाठ आहे, टेन्शन आलं की आपोआप तोंडात येते, पण त्याने काही होतं का विचारलं तर मला सांगता येणार नाही. तर दोन प्रश्न. एक, दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने पेशंटला खरंच फरक पडतो का? आणि दोन, बाबांना सांगावं का? प्लीज भांडू नका, माझ्याकडे आधीच घरात पुरेसं चाललंय.

आकडेवाला

तुमच्या भावाने पाठवलेला पेपर बहुतेक २००६चा अमेरिकन हार्ट जर्नलमधला असणार, बेन्सन वगैरे मंडळींचा. थोडक्यात सांगतो कारण लोक तो अर्धाच सांगतात. सहा हॉस्पिटलं, बायपासचेच १,८०२ पेशंट, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, आणि त्यातल्या एकासाठी केली, दुसऱ्यासाठी नाही केली. तिसऱ्याला ठामपणे सांगितलं की होणार, आणि केली. ऑपरेशननंतर महिनाभरात काही ना काही गुंतागुंत झालेले किती, तर पहिल्या दोन गटांत, ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्के, ज्यांच्यासाठी नाही केली त्यांच्यात ५१, म्हणजे फरक शून्य. आणि तिसऱ्या गटात, ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९. मृत्यूंचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण सारखंच, हे पण भावाला सांगा.

आता ५९ का याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. योगायोगही असू शकतो असं त्या संशोधकांनीच म्हटलंय. त्यातल्याच एका डॉक्टरने शंका काढली की पेशंटला वाटलं असेल, बापरे, माझी तब्येत इतकी बिघडलीये की प्रार्थना करणारी टीम बोलवावी लागली? ही नुसती शंका आहे, सिद्ध काही नाही.

पण प्रार्थना करत कोण होतं ते बघा. तीन ख्रिस्ती गट, दोन मठांतले आणि एक प्रार्थना सेवा चालवणारा. त्यांना पेशंटचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर द्यायचे, आणि चौदा दिवस रोज एक ठरलेलं वाक्य घालायचं, की ऑपरेशन यशस्वी होवो, लवकर बरं वाटो, गुंतागुंत न होवो. यातलं कोणीही पेशंटला कधी बघितलेलं नाही. आणि घरचे? ते तर सगळ्याच गटांत आपापल्या परीने देवाला साकडं घालतच होते, त्यांना कोण थांबवणार. त्यामुळे प्रार्थना विरुद्ध प्रार्थना नाही असा प्रयोग हा नाहीच, तो आहे अनोळखी माणसांनी घातलेली थोडी जादा प्रार्थना विरुद्ध ती नाही. तेवढ्यापुरतं उत्तर स्वच्छ आहे, काही होत नाही.

याच्या आधी १९८८चा सॅन फ्रान्सिस्कोचा एक अभ्यास आहे, ३९३ हृदयरोगी, भक्त लोक तो फार नाचवतात. त्यात दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या आणि पाचसहांत फरक सापडला, हॉस्पिटलात किती दिवस राहिले त्यात नाहीच. एवढ्या गोष्टी मोजल्या की दोनचार तुमच्या बाजूने पडतातच. आणि सगळ्यात जुना हिशोब १८७२चा, फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाचा. इंग्लंडभर चर्चमध्ये दर रविवारी राजाराणीच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना व्हायची, याने राजघराण्यांची वयं काढली तर बाकीच्या खात्यापित्या वर्गांपेक्षा तेच लवकर गेलेले निघाले. आणखी एक खवचट मुद्दा त्याचा, की मिशनरी घेऊन जाणाऱ्या जहाजाला विमा कंपनी काही सूट देत नाही. 😄

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर नाही. दुसऱ्याचं मला माहीत नाही, तुमचे बाबा तुम्हाला माहीत.

खडूस_काका

सव्वा लाखाचा हिशोब कोणी केलाय का? मंत्र घाईत म्हटला तरी दहाबारा सेकंद लागतात. बारा धरा. पंधरा लाख सेकंद झाले, म्हणजे चारशे तासांच्या वर. अकरा गुरुजी बसवले तरी प्रत्येकी अडतीस तास. रोज सात तास न उठता बसले तर पाच दिवसांच्या वर जातं. तुमच्याकडे किती गुरुजी येणारेत आणि किती दिवस बसणारेत ते आधी विचारा, मग बोलू शक्ती आहे की नाही ते. माझ्या ओळखीत एकांकडे तीन गुरुजींनी दीड दिवसात सव्वा लाख उरकला होता आणि दक्षिणा मात्र पूर्ण मोजून घेतली.

आणि हो, नवसाची टिंगल तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलीये, त्यासाठी अमेरिकेचा पेपर लागत नाही आपल्याला.

वसईवाली

काका तुम्ही प्रत्येक धाग्यावर गुरुजींच्याच मागे का असता हो 🙂

मी ख्रिश्चन, वसईची, आमच्याकडे पण हे सगळं आहे फक्त नावं वेगळी. माहीमच्या चर्चचे नऊ बुधवार ऐकले असतील, नोव्हेना, १९४८ पासून चालू आहे तिथे. बुधवारी गेलात तर रांगेत निम्म्याहून जास्त लोक आमचे नसतातच, टिकली लावलेल्या बायका, गुजराती, मुसलमान, सगळे. बांद्र्याच्या मोतमावलीला (माउंट मेरी चर्च) सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हातपाय विकायला असतात, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, हृदय असेल तर हृदय, घर पाहिजे असेल तर मेणाचं घर, हल्ली तर विमान पण मिळतं, व्हिसासाठी. माझी आई दर वर्षी जायची आणि प्रत्येक वेळी मेणाचं बाळ घ्यायची, माझ्या मोठ्या बहिणीसाठी. बहिणीला मूल झालं नाही. शेवटी त्यांनी दत्तक घेतली एक मुलगी. त्यानंतरही आई जायचीच, मी म्हटलं आता कशाला, तर म्हणाली सवय झालीये तिच्याशी बोलायची. तिच्याशी म्हणजे मोतमावलीशी.

माहीमला लोक आभाराची पत्रं टाकतात, ती वाचून दाखवतात. नोकरी लागली, केस सुटली, ऑपरेशन नीट झालं. ज्यांचं नाही झालं ते पत्र लिहीत नाहीत, हे मला पण कळतं आकडेवाला दादा, त्यासाठी गणित शिकायला लागत नाही. पण त्या पत्रांत अशी पण असतात ज्यात मागितलेलं काहीच मिळालेलं नसतं, नवरा गेलेला असतो, आणि बाई लिहिते की शेवटचे दिवस भांडण न होता गेले त्याबद्दल आभार. त्याला तुम्ही कुठल्या टक्क्यात धरणार?

निम्मी, मी सांगितलं असतं बाबांना. पण संकल्प वगैरे नाही, नुसतं सांगायचं की आत्या बसलीये.

सिस्टर_नाईट_ड्युटी

कार्डिॲक आयसीयूत बरीच वर्षं काढलीयेत म्हणून लिहितेय. आधी प्रॅक्टिकल. आदल्या दिवशी संकल्प वगैरे करायला वेळ नसतो हो. शेव्हिंग, बीटाडीनची आंघोळ, कन्सेंटच्या सह्या, भूलवाले डॉक्टर येऊन जाणार, रात्रीनंतर तोंडाने काही नाही, झोपेची गोळी. त्यात चार नातेवाईक ताम्हन घेऊन आले की पेशंटचं बीपी वाढतं आणि आमचं पण. हातातले गंडेदोरे, अंगठ्या, गळ्यातला ताईत सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी काढावं लागतं, काळा दोरा असेल तर घरीच सोडवून आणा, कारण आम्ही कात्री लावली की बायका रडतात, मी रडताना बघितल्यात. एका आजोबांनी मला दोरा कापू दिला आणि मग म्हणाले तुकडा तुमच्या खिशात ठेवा, मी परत येईपर्यंत. ठेवला. असं रोज काही ना काही असतं.

अंगारा, तीर्थ, तुळशीचं पान आयसीयूत आणू नका, शुगरवाल्या पेशंटला छातीच्या जखमेचं इन्फेक्शन ही चेष्टा नाही. पुडी दिलीत तर आम्ही लॉकरमध्ये ठेवतो आणि पेशंटला सांगतो ठेवलीये म्हणून.

आता प्रश्नाबद्दल. दुसऱ्याच्या प्रार्थनेने पेशंट सुधारला असं मी सांगू शकत नाही. पण पेशंट स्वतः पुटपुटत असेल तर फरक दिसतो, आणि त्यामागे साधं कारण आहे. २००१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता इटलीचा, त्यात लोकांना लॅटिनमधून ख्रिस्ती जपमाळ (रोझरी) म्हणायला लावली आणि ॐ मणि पद्मे हुं म्हणायला लावलं, दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि बीपी सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालायला लागली. देव कुठला याने फरक पडला नाही. ऑपरेशननंतर आम्ही पेशंटला तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र देतो ना, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, ते पण शेवटी लांब आणि खोल श्वासासाठीच. निम्मी, ते आत्ताच विकत आणा आणि बाबांकडून आठवडाभर करून घ्या, मेडिकलवाल्याकडे मिळतं. नंतर छातीला टाके असताना शिकणं फार जड जातं.

एकच गोष्ट मला चालत नाही, उपचाराऐवजी मंत्र. साप चावलेलं पोर आधी मंत्र घालायला नेतात आणि मग आमच्याकडे निळं पडल्यावर आणतात. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण गावात कोण तक्रार करतं. तुमच्याकडे तसं नाही, जप पण आहे आणि सर्जन पण आहे, मग बसू दे आत्यांना.

आजचा_दिवस

इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. मी एए चा मेंबर आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. नाव सांगणार नाही, आमच्यात तसंही सांगत नाहीत.

सांगावं का या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण ज्याच्यासाठी घरादाराने प्रार्थना केली असा माणूस मीच आहे. आईने माझ्यासाठी सोळा सोमवार केले, अक्कलकोटला पायी गेली, चप्पल सोडली, गोड सोडलं. आणि रोज सकाळी मला सांगायची, तुझ्यासाठी मी अजून चहात साखर घालत नाही. मी काय करायचो सांगू का, ते ऐकलं की अकरालाच बाटली उघडायचो. तिचं प्रेम खोटं नव्हतं पण मला ते कर्ज वाटायचं, तिने काहीतरी सोडलंय आणि मी अजून सोडलं नाही, रोज व्याज चढतंय. त्यामुळे तो ५९ टक्केवाला आकडा वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. ज्याच्यासाठी करताय त्याच्यावर बरं होण्याची जबाबदारी येऊन पडते.

आता उलटी बाजू. मी सुटलो ते मीटिंगला जाऊन, आणि तिथे प्रार्थना असते. शाळेचा एक वर्ग, संध्याकाळी भाड्याने घेतलेला, लहान पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले आम्ही सगळे बाप्ये, स्टीलच्या किटलीतला चहा, आणि शेवटी उभं राहून एकत्र प्रार्थना. त्यात दारू सोडव असं मागणं नसतं. जे बदलता येत नाही ते झेपू दे आणि जे येतं त्याला हात घालायची हिंमत दे, साधारण असं असतं. उच्चशक्ती म्हणतात, प्रत्येकाने आपापली धरायची, माझ्या स्पॉन्सरची (नव्याला सांभाळून घेणारा जुना मेंबर) उच्चशक्ती म्हणजे तो ग्रुपच होता, देव मानायचाच नाही तो. मी पहिल्यांदा नुसते ओठ हलवले. पण बाजूला उभा असलेला माणूस रडत होता आणि त्याने माझा हात धरलेला होता, आणि त्या रात्री मी घरी गेलो, गुत्त्यावर नाही गेलो. प्रार्थनेने झालं का हाताने झालं, मला वेगळं काढता येत नाही आणि मी काढत पण नाही.

तेव्हा ताई, बाबांना सांगायचं तर असं सांगा की त्यांच्यावर काही देणं लागणार नाही. आत्याने उपास धरला असेल तर तो त्यांच्यासमोर बोलू नका एवढंच सांगेन.

आकडेवाला

@आजचा_दिवस, मनापासून लिहिलंत. एक भर घालतो. २०२०मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मोठा आढावा आला होता एए वर, पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याला जोडलेले उपचार इतर मान्य पद्धतींच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरस निघाले. आधी मी पण याला भजनी मंडळ समजायचो. अर्थात त्यात प्रार्थनेचा वाटा किती आणि मीटिंगचा किती हे त्या आढाव्यात वेगळं केलेलं नाही, म्हणजे तुमच्यासारखंच.

खडूस_काका

बरं मग मी पण एक चांगलं बोलतो, नाहीतर वसईवाली रागवेल. मुंबईत १८६७ला प्रार्थना समाज निघाला, रानडे, भांडारकर ही मंडळी त्यात. नावातच प्रार्थना, पण त्यांचं म्हणणं काय, तर प्रार्थनेने ऐहिक फळ मिळत नाही, माणसाची आत्मिक उन्नती होते. एवढं मान्य केलंत तर माझं कोणाशीच भांडण नाही. पण एवढं मान्य केल्यावर सव्वा लाखाचा आकडा कशाला लागतो? एकदाच म्हणा की नीट.

वसईवाली

काका, आईला हाक एकदाच मारली होती का लहानपणी?

खडूस_काका

आमच्या आईला एकदाच मारावी लागायची. दुसऱ्या हाकेला लाटणं यायचं.

निम्मी_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार, एकेक रिप्लाय भावाला पण पाठवला आणि आत्याला पण (काकांचा हिशोब सोडून 🙏). अपडेट देते.

काल रात्री बाबांना विचारायचं ठरवून गेले, शब्द जुळवत होते, तर त्यांनी फोन पुढे केला. अहो ते त्या फॅमिली ग्रुपवर आहेतच! म्यूट करून ठेवलेला, पण रोज वाचतात. आत्याने वेळापत्रक टाकलं त्याच दिवशी त्यांनी बघितलं होतं. मी विचारलं मग बोलला का नाहीत, तर म्हणाले बोललो असतो तर ती म्हणाली असती ये बस तू पण. मग म्हणाले, शांता (म्हणजे आत्या) लहानपणी मला ताप आला की दरवाजात बसून राहायची, आत यायला आईने बंदी केलेली असायची, तशीच बसलीये आता पण, बसू दे. पण संकल्प माझ्या हातून नाही, आणि हॉस्पिटलात एकाच वेळी एकच माणूस यायचा, युनियनचे लोक पण धरून. आत्याला मी हे सांगितल्यावर ती अर्धा तास रुसली, मग म्हणाली ठीक आहे, संकल्प मी सोडते, बहिणीला अधिकार आहे. आहे का नाही मला माहीत नाही, कोणी शास्त्र सांगू नका प्लीज.

तीन गोळ्यांचं यंत्र आणलंय. बाबा दोन उचलतात, तिसरी हलत नाही. भाऊ म्हणतो रोज व्हिडिओ पाठवा.

आता नवीन प्रश्न, सिस्टर तुम्हालाच. हॉस्पिटलने चार रक्तदाते मागितलेत. भावाच्या डोक्यात आलं की जपाला जी मंडळी जमणारेत त्यांच्यातलेच न्यावेत. पण बाबांचा ग्रुप बी निगेटिव्ह आहे आणि घरात तो कोणाचाच नाही. मग चालतं का?

सिस्टर_नाईट_ड्युटी

चालतं. रिप्लेसमेंटला कुठलाही ग्रुप चालतो, बँक त्यांच्याकडचं मॅच झालेलं देते आणि तुमच्याकडून त्या बदल्यात घेते. फक्त निगेटिव्ह आहे म्हणून आजच फोन करून विचारा की बी निगेटिव्ह शिल्लक आहे ना, नसेल तर ते आतापासून शोधायला लागतील. देणारे १८ ते ६५ वयातले, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा तरी हवं, बायकांचं तिथेच बऱ्याचदा अडतं. शुगरसाठी इन्सुलिन घेणारा नको. आणि महत्त्वाचं, उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. जपासाठी उपास धरलेले असतील तर त्या दिवशी पोटभर जेवून या म्हणावं, साबुदाण्याची खिचडी पण चालेल. गुरुजी तरुण असतील तर त्यांना पण विचारून बघा.